रियाजाला परीक्षक कशाला बसवता?

वाचकाचे पत्र

मी ४७ वर्षांची असून सांगलीत एका बँकेत नोकरी करते. नवव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत मिरजेला एका गुरुजींकडे गाणे शिकले, विशारद झाले. पुढे लग्न, बदल्या, दोन मुले, सासूबाईंचे आजारपण यांत गाणे सुटले ते बावीस वर्षे सुटलेच. आता मुलगी पुण्याला शिकायला गेली आहे आणि मुलगा स्वतःचे स्वतः बघतो, म्हणून गेल्या दिवाळीत तानपुऱ्याची गवसणी काढली, नव्या तारा चढवल्या, जवारी काढून घेतली आणि पहाटे पाचला उठून तासभर बसायचे ठरवले. तीन वेळा सुरुवात केली, एकदाही दहा दिवसांच्या पुढे गेले नाही. पूर्वी ‘काळी पाच’ या उंच पट्टीत सहज गात असे, आता त्याखालची ‘काळी चार’ही जड जाते. मोबाइलवर स्वतःचा आवाज ऐकला की लाज वाटते. आलाप करायला बसले तर गुरुजींनी दिलेल्या जागाच, म्हणजे ठरलेल्या स्वरांच्या ओळीच, येतात, स्वतःचे काही सुचत नाही. ज्या नाट्यपदांवर जीव टाकला ती शिळी वाटतात आणि मुलगी ऐकते ते रॅप म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. बाकी घर, नोकरी, मैत्रिणी सगळे छान चालले आहे. माझे मन निबर झाले आहे का? की कला माझ्यात मुळात नव्हतीच? गुरुजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्यासमोर जायचे धाडस होत नाही.

— एक वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी पेन्सिलीने खुणा केल्या. ‘जड’, ‘लाज’, ‘शिळी’, ‘गोंगाट’, ‘निबर’ असे एकामागून एक निवाडे त्यात आहेत आणि ते सगळे तुमच्याच कानाने दिलेले आहेत. मन निबर झालेल्या माणसाला काळी पाच आणि काळी चार यांतले अंतर टोचत नाही, आणि आपल्या आलापातली कोणती जागा गुरुजींची आहे हेही त्याच्या लक्षात येत नाही. तेव्हा पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे, आणि ते ‘नाही’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मी जरा सावकाश येतो.

मला दिसते ते असे. पंचविसाव्या वर्षी तुमचा गळा थांबला, पण कान थांबला नाही. या बावीस वर्षांत स्वयंपाक करताना रेडिओ चालू असेल, प्रवासात गाणे ऐकले असेल, मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा भरते तिथेही एखादी रात्र काढली असेल. हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसिक कोणाला म्हणावे हे सांगताना, काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो ते, असे लक्षण दिले आहे. आरसा घासण्याचे ते काम न गाताही चालू राहू शकते, आणि तुमच्या बाबतीत ते चालू राहिले. त्यामुळे आज तुमचा कान सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि गळा पंचविसाव्या वर्षी जिथे थांबला त्याच्याही थोडा मागे आहे. पहाटे पाच वाजता तुम्ही आसनावर बसता तेव्हा एकाच सतरंजीवर दोघीजणी बसतात: एक गाणारी आणि एक परीक्षक. परीक्षक ताजीतवानी, तयारीची आणि निर्दय असते. गाणारी अजून आवाज मोकळा करत असते. नवव्या-दहाव्या दिवशी कोण उठून जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता सवयीचे पाहू. तीन वेळा मोडलेल्या संकल्पावरून तुम्ही स्वतःच्या निर्धाराबद्दल जे अनुमान काढले आहे ते मला मान्य नाही, कारण सवय निर्धाराने फार कमी टिकते. मेंदूच्या खोल भागातील गाभ्यांमध्ये सवयी कशा मुरतात याचा अभ्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ॲन ग्रेबिएल यांनी अनेक वर्षे केला. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या वाटेवरून चॉकलेटपर्यंत पोहोचायला उंदीर शिकत असताना सुरुवातीला त्या भागातील पेशी सगळ्या वाटेवर जाग्या असत. वाट अंगवळणी पडल्यावर मात्र त्या आरंभी आणि शेवटी तेवढ्या जोरात चमकत आणि मधल्या टप्प्यात जवळजवळ शांत होत. बंदिशीचा मुखडा नीट पकडला की पुढची ओळ आपोआप येते हा अनुभव तुम्हाला आहेच, त्याच जातीची ही गोष्ट आहे. म्हणजे सवय लावताना सगळी मेहनत सुरुवातीच्या दारापाशी करावी लागते. तुमच्या दारात काय होते? पहाटेचा गजर, दिवाळीनंतरची थंडी, आणि नव्या तारा, ज्या ताणत राहिल्याने पहिले काही दिवस सुरात थांबतच नाहीत. म्हणजे षड्ज लावण्याआधीच पंधरा-वीस मिनिटे खुंट्या आणि मणी यांच्याशी झटापट. त्या दारातून रोज आत शिरायला तपस्वी लागेल.

एकवीस दिवसांत सवय लागते असे तुम्ही ऐकले असेल. ही कल्पना १९६० मध्ये मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून पसरली, आणि त्यांचे मूळ निरीक्षण एवढेच होते की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आरशात आपला वाटायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात. त्याचा रियाजाशी काही संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ माणसांनी बारा आठवडे एकेक नवी सवय लावण्याचा प्रयत्न केला. कोणी जेवणाबरोबर फळ खाण्याची, कोणी पाणी पिण्याची, कोणी व्यायामाची. कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागत होते, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता, आणि सोप्या कृतीपेक्षा कष्टाच्या कृतीला जास्त दिवस लागत. तुम्ही दहाव्या दिवशी निकाल लावलात, तोही पहाटेच्या तासभर रियाजासारख्या अवघड गोष्टीचा. याच अभ्यासातली दुसरी बाब तुमच्या अधिक उपयोगाची आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखी बाधा आली नाही. आपल्याकडे मात्र ‘खाडा झाला’ म्हटले की व्रत मोडल्यासारखे वाटते आणि एका खाड्यातच सगळ्याचे उद्यापन होते.

म्हणून माझे सांगणे असे की पहाट सोडून द्या. बँकेतून आल्यावर तुम्ही चहा घेता ना? चहाचा कप विसळून ठेवला की त्याच पावली ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन बारा मिनिटे बसा, आणि आठवड्याच्या दिवशी तानपुरा मोबाइलवरचा लावा. (हे वाचून मिरजेचे तंतुवाद्य कारागीर मला दारात उभे करणार नाहीत, आणि त्यांच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असताना मी हे लिहावे हे वाईटच दिसते. खरा तानपुरा रविवारी निवांत जुळवा, तोपर्यंत ताराही स्थिरावतील.) त्या बारा मिनिटांत मध्य सप्तकातला षड्ज म्हणजे सा, आणि तीन-चार सोपे पलटे म्हणजे स्वरांचे छोटे क्रम, याखेरीज काही गाऊ नका. राग नको, बंदिश नको. पहिले दोन महिने, रंगात आलात तरी, बारा मिनिटे झाली की उठा, कारण दुसऱ्या दिवशी बसण्याची ओढ थोड्या उरलेल्या भुकेतून येते. आणि या काळात ध्वनिमुद्रण पूर्णपणे बंद. मोबाइल तानपुरा वाजवील, तुमची साक्ष काढणार नाही.

बावीस वर्षांपूर्वीचे सगळे वाया गेले, असे तुमच्या पत्रात शब्दांत नसले तरी सुरात आहे. ते तसे नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की विसरल्यासारखी वाटणारी गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. आठवत नसले तरी काहीतरी शिल्लक असते, आणि अंगाने शिकलेल्या गोष्टींचे शिल्लक राहणे तर चकित करणारे आहे. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतकाराच्या मेंदूला १९८५ मध्ये विषाणूचा संसर्ग झाला आणि काही क्षणांपूर्वीचेही त्याला आठवेनासे झाले. तरीही पियानोसमोर बसवले की तो वाजवत असे आणि गायकवृंदाचे संचालनही करू शकत असे. तुमचे तर असे काहीच झालेले नाही. सोळा वर्षांची तालीम गळ्याच्या स्नायूंत, श्वासात आणि मांडी घालून बसण्याच्या पद्धतीत मुरलेली आहे. ती बोलावली की येते, परीक्षेला बसवली की लपते.

आवाज मात्र खरोखर बदलला आहे, आणि त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. चाळिशीच्या उत्तरार्धात अनेक स्त्रियांचा आवाज संप्रेरकांच्या बदलांमुळे थोडा खाली उतरतो आणि वरच्या सप्तकातली सहजता कमी होते. काळी पाच परत मिळवण्यासाठी ताणलेत तर आहे तोही आवाज दुखावेल. काळी चारच्याही खालच्या पांढरी पाचमध्ये सा लावा, हवे तर त्याच्याही खाली या, आणि तिथे राहून पाहा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहत असेल किंवा गाताना दुखत असेल, तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

आवाज उतरला म्हणजे गाणे संपले असे मानणाऱ्या माणसाने सांगलीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर असलेल्या कोल्हापूरची आठवण ठेवावी. शाहू महाराजांच्या आश्रयाने तिथे राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी आमलेटा या संस्थानाच्या दरबारी फार गावे लागल्याने बसला, आणि पुढे सुधारला तरी पहिला गोडवा आणि मोकळेपणा त्यात परतला नाही. तेव्हा त्या बदललेल्या आवाजाला मानवेल अशी संथ लयीची, बलपेचांची म्हणजे वळणावळणाच्या स्वररचनांची, अनवट रागांना कवेत घेणारी गायकी त्यांनी घडवली. जयपूर-अत्रौली घराणे म्हणून आपण जिला मान देतो ती ही गायकी. आवाज बसला नसता तर त्यांनी काय केले असते हे कोणाला सांगता येणार, पण अडचणीने त्यांच्या मनाला एका वेगळ्या वाटेला लावले एवढे खरे. खाँसाहेबांची प्रतिभा तुमच्यात किंवा माझ्यात आहे असे मी सुचवत नाही. गळ्याची मर्यादा ही सुचण्याच्या आड येतेच असे नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता तुमच्या तक्रारीतल्या ज्या भागावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे तो भाग: आलापात गुरुजींच्याच जागा येतात. तुम्ही हे कबुलीजबाबासारखे लिहिले आहे. आपल्या संगीतात गुरूकडून जसेच्या तसे घेतलेल्याला नायकी आणि त्यावर स्वतःच्या मनाने केलेल्या विस्ताराला गायकी म्हणण्याची पद्धत आहे, आणि या दोन शब्दांचा क्रम कोणी उगाच लावलेला नाही. नायकी पुरेशी साचल्याशिवाय गायकी निघत नाही. त्या विस्तारासाठी जो शब्द गवई वापरतात तो तर शेतातला आहे: उपज. पेरल्याशिवाय उपज कुठून यावी? कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि त्यासाठीच ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. पुढे क्षयाने ते आजारी पडले, १९४८ मध्ये देवासला गेले आणि पाचएक वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. त्या काळात अंथरुणावरून त्यांच्या कानांवर माळव्यातील लोकगीते पडत राहिली. पुन्हा गायला बसले तेव्हा फुप्फुसाची शक्ती कमी झालेली होती, श्वास तोकडा होता, पण त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग काढले आणि त्यांचे गाणे कोणाच्याच गाण्यासारखे राहिले नाही. नक्कल, मग सक्तीचे मौन आणि ऐकणे, मग निर्मिती. या तिन्हींतले एकही वगळून ते गाणे झाले असते असे मला वाटत नाही. तुमचीही नक्कल झाली आहे आणि बावीस वर्षांचे, सक्तीचे म्हणा वा संसाराचे, मौनही झाले आहे.

परंतु केवळ साठा असून भागत नाही, तो हलवावा लागतो. त्यासाठी जुन्यांनी एक कोरडी वाटणारी पण फार शहाणी युक्ती काढून ठेवली आहे. मेरुखंड किंवा खंडमेरू या नावाने ती तुम्ही ऐकली असेल. स्वर घ्यायचे आणि त्यांची जितकी म्हणून मांडणी शक्य आहे तितकी गायची. तीन स्वरांच्या सहा मांडण्या होतात, चार स्वरांच्या चोवीस, सातांच्या पाच हजार चाळीस. भेंडीबाजार घराण्याच्या आणि अमीर खाँसाहेबांच्या गाण्यात या विचाराचा मोठा वाटा आहे. रियाजाची सवय बसल्यावर, म्हणजे अडीच-तीन महिन्यांनी, रविवारच्या बैठकीत यमन रागाचे फक्त तीन स्वर घ्या: मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला निषाद, आणि रिषभ, गंधार. सहाही मांडण्या संथपणे गा. निरेग, निगरे, रेनिग, रेगनि, गरेनि, गनिरे. मग एखाद्या स्वरावर जास्त थांबून, एखाद्याला नुसता स्पर्श करून त्याच पुन्हा गा. पंधरा मिनिटे चौथ्या स्वराला हात लावायचा नाही. गुरुजींच्या जागा बहुतेक मोठ्या वाक्यांच्या असतात, त्यामुळे इतक्या छोट्या अंगणात त्यांना शिरायला वाव राहत नाही आणि तुम्हाला स्वतःचे काहीतरी करावेच लागते.

या ठिकाणी परीक्षकबाईंना परत बोलवायचे आहे, पण त्यांची जागा बदलून. सहा किंवा चोवीस मांडण्या यंत्रसुद्धा काढील. त्यांतली कोणती यमनची वाटते, कोणती ओढूनताणून आणल्यासारखी वाटते आणि कोणती ऐकताना अंगावर बारीक काटा येतो, हे यंत्राला ठाऊक नसते. ते तुमच्या त्या बावीस वर्षे घासलेल्या कानाला ठाऊक असते. सुचणे म्हणजे पुष्कळ काढणे आणि त्यातून नेमके निवडणे, आणि निवडीच्या कामाला तुमच्याइतकी तयारीची परीक्षक मिळणे ही चैन आहे. फक्त तिला काढण्याच्या वेळी खोलीत घेऊ नका. अमेरिकेत चार्ल्स लिम आणि ॲलन ब्राउन यांनी २००८ मध्ये सहा जॅझ पियानोवादकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून छोट्या कीबोर्डवर वाजवायला लावले. पाठ केलेली सुरावट वाजवताना आणि उत्स्फूर्त वाजवताना मेंदूत काय फरक पडतो हे पाहिले, तेव्हा उत्स्फूर्त वादनात कपाळामागचा, स्वतःवर पहारा ठेवण्याशी जोडला जाणारा भाग शांत झालेला आढळला. सहाच वादकांचा प्रयोग आहे, त्यावर मी राजवाडा बांधणार नाही. पण मैफलीत डोळे मिटून गाणाऱ्या गवयाला पाहिलेल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटणार नाही. म्हणून महिन्यातून एकदाच, एखाद्या रविवारी, त्या तीन स्वरांचे ध्वनिमुद्रण करा आणि ते लगेच न ऐकता बुधवारी ऐका. तीन दिवसांत त्या आवाजाची लाज थोडी निवलेली असते आणि तो जरासा परका होतो. परक्याच्या गाण्याला आपण फार न्यायाने वागवतो.

नाट्यपदांच्या शिळेपणाबद्दल. माँट्रियलमधील व्हॅलोरी सालिमपूर आणि रॉबर्ट झाटोरे यांच्या २०११ च्या प्रयोगात, ज्या संगीताने अंगावर शहारे येतात ते ऐकताना मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडले जाणारे रसायन केव्हा आणि कुठे सुटते हे पाहण्यात आले. ते शहाऱ्याच्या क्षणी सुटतेच, पण त्याच्या आधीच्या प्रतीक्षेच्या क्षणांतही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात सुटते. विलंबित एकतालात गवई आवर्तनाच्या टोकाशी येतो, समेआधी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेआधी, बैठकीतल्या माना पुढे होतात आणि समेवर ‘वाह’ उठते, त्यातले निम्मे सुख सम येण्याआधीचे असते. तुम्ही जी नाट्यपदे शेकडो वेळा ऐकली त्यांत प्रतीक्षा करण्यासारखे आता काही उरलेले नाही, प्रत्येक जागा ठरल्या ठिकाणी ठरल्यासारखी येते. शिळी झाली ती नाट्यपदे नव्हेत, ती ध्वनिमुद्रिका. तेच पद एखाद्या नव्या गायिकेकडून ऐका, किंवा त्याची चाल ज्या रागावर बेतलेली आहे तो राग तासभर ऐकून मग पदाकडे या. आणि तरीही ते शिळेच वाटले तर वाटू द्या. तिशीत जे आवडत होते ते सर्व पन्नाशीतही आवडलेच पाहिजे असा काही करार नसतो.

रॅपचे प्रकरण याच्या उलट आहे. तिथे तुमच्या कानाला पुढे काय येणार याचा अंदाजच बांधता येत नाही, म्हणून तो गोंगाट. पोलंडमध्ये जन्मलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की अनोळखी शब्द, अक्षरचिन्हे किंवा चेहरे नुसते वारंवार समोर आले तरी ते अधिक आवडू लागतात. पण सवयीने काहीही आवडते असा त्याचा अर्थ काढू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इंग्लंडमधील विद्यार्थ्यांना टॉमस किंकेड या अमेरिकी चित्रकाराची भडक गोडगुलाबी निसर्गचित्रे काही आठवडे पुन्हा पुन्हा दाखवली, तेव्हा ती त्यांना अधिकाधिक नावडती झाली. जॉन एव्हरेट मिले याच्या चित्रांच्या बाबतीत तसे झाले नाही. ओळख वाढली की आवड वाढते किंवा चिरफाड सुरू होते, आणि दोन्हींत तुमचा फायदा आहे. तेव्हा मुलगी सुट्टीत येईल तेव्हा तिच्या आवडीची तीन गाणी तिलाच निवडायला सांगा आणि इस्त्री करताना आठवडाभर तीच ऐका. चालीकडे लक्ष देऊ नका, कारण चाल तिथे मुख्य नाही. शब्द ठेक्याच्या अलीकडे पडतो की पलीकडे, आणि ओळ कुठून उचलली आणि कुठे येऊन बसली एवढेच ऐका. बंदिशीचे शब्द लयीत वाटून घेणारी बोलबाट आणि तीनदा म्हणून समेवर येणारी तिहाई ज्याने शिकली आहे त्याला तिथे ओळखीचे काही सापडण्याची शक्यता मला पुष्कळ वाटते. नाही सापडले तर मुलीला तसे सांगा, पण सात दिवसांनी आणि कारणांसह.

कान जन्मतःच अमुक आवडीचे असतात या समजुतीतही फार तथ्य नाही. बोलिव्हियाच्या जंगलात राहणारे, पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेले चिमाने लोक, आपल्याला सुसंवादी वाटणारे आणि विसंवादी वाटणारे स्वरमेळ सारखेच सुखद मानतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे कर्कश काय आणि गोड काय हे बऱ्याच अंशी कानावर काय पडत आले यावर ठरते. तुम्हाला तानपुऱ्याच्या चार तारांत जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो शेजारच्या माणसाला ऐकू येत नाही. तो तुम्ही कमावलेला आहे, आणि ‘कला माझ्यात मुळात नव्हतीच का’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मला यापेक्षा वेगळे काही म्हणायचे नाही. मुळात कोणात काय होते हे शोधत बसण्याइतका वेळ सत्तेचाळिसाव्या वर्षी कोणाकडे असतो?

एक गोष्ट मी मुद्दाम तपासून पाहिली. सगळ्यातलीच गोडी जाणे, झोप आणि भूक बिघडणे, माणसे नकोशी होणे असे पत्रात असते तर मी तुम्हाला रियाजाऐवजी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सांगितले असते, कारण नैराश्यातही संगीत असेच बेचव होते. घर, नोकरी आणि मैत्रिणींविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून तसे दिसत नाही. पुढे कधी तसे वाटू लागले तर मात्र त्याचा दोष गाण्यावर टाकू नका.

राहिले गुरुजी. तुम्ही त्यांना पत्राच्या शेवटच्या दोन वाक्यांत बसवले आहे, पण तुमच्या खोलीतली परीक्षक त्यांचाच चेहरा लावून बसते की काय अशी मला शंका आहे. ऐंशीच्या पुढच्या, आयुष्यभर शिकवलेल्या माणसाने कितीतरी सुटलेले गळे पाहिलेले असतात, आणि बावीस वर्षांनी दारात आलेल्या शिष्येकडून तो पहिल्याच दिवशी तानांची अपेक्षा करत नाही. सवय बसण्याची वाट पाहू नका, मिरजेला येत्या एखाद्या रविवारीच जाऊन या. गाण्याच्या तयारीने जाऊ नका, वही घेऊन जा. तुम्ही शिकत असताना त्यांनी न शिकवलेली एखादी बंदिश मागा, आणि ती त्यांच्या तोंडून उतरवून घ्या. गाणे पुन्हा सुरू केले का, असे ते विचारतीलच. तेव्हा मोठे काही सांगू नका. ‘संध्याकाळी बारा मिनिटे बसते’ एवढे म्हणा.